कर, कायदा आणि विवेक

चांगली गृहिणी कोण, चांगली श्राविका कोण, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. चांगली नागरिक कोण, हा धडा मात्र शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातच राहतो. धर्म देवळात आणि स्वयंपाकघरात, नागरिकत्व मतदानाच्या दिवशी, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. पण या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत का? ख्रिस्ती धर्मानं या प्रश्नाचा बारकाईनं विचार केलाय. मैत्रिणींनो, दुसऱ्याचं स्वयंपाकघर पाहिलं की आपल्या ओट्याकडे नव्यानं लक्ष जातं. म्हणून जरा तिथं डोकावून पाहू.

रोमच्या राजाला कर द्यावा की नाही, असा पेच काही लोकांनी येशूपुढे टाकला होता. त्यानं नाणं मागवलं, त्यावर कुणाचा मुखवटा आहे ते विचारलं, आणि राजाचं राजाला व देवाचं देवाला द्यायला सांगितलं. पुढे संत पौलानं रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं, तेव्हा तिथं नीरोचं राज्य होतं. तरी त्यानं कर द्यायला, कायदा पाळायला सांगितलं, आणि तेही केवळ शिक्षेच्या भीतीनं नाही, तर विवेकासाठी. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या पुढचं. कराचं बोलून झाल्यावर लगेच तो शेजाऱ्यावरच्या प्रेमाकडे वळतो. म्हणजे नियम पाळणं ही राजाची खुशामत नव्हे. ती शेजाऱ्याची काळजी आहे.

आम्हा भोपाळकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९८४च्या डिसेंबरातल्या त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. कागदावरचा नियम कोरडा वाटतो, पण त्याच्या पलीकडे कुणाचं तरी झोपलेलं मूल असतं.

मग राजा म्हणेल ते सगळं ऐकायचं का? नाही. पौलाच्या त्याच शब्दांचा आधार घेऊन अनेक जुलमी सत्तांनी लोकांना गप्प बसवलंय, हेही खरं. पण त्याच बायबलात पेत्र न्यायसभेला ठणकावून सांगतो, की माणसाआधी देवाची आज्ञा. त्यासाठी फटके पडतात, ते तो सोसतो. पळून जात नाही, लपूनछपून कायदा मोडत नाही. नकार द्यायचा तो उघड, आणि किंमतही आपणच मोजायची.

याचं उत्तम उदाहरण आपल्या मराठीतच आहे, आणि तेही एका बाईचं. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे राज्यकर्त्यांचा धर्म तोच त्यांचा. आता त्या इंग्रजांच्या बाजूनं बोलणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण १८९७मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा प्लेगच्या दवाखान्यात बायका-मुलींची कशी आबाळ होते, त्या किती असुरक्षित आहेत, हे रमाबाईंनीच 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर आणलं. खुद्द गव्हर्नरनं त्यांचे आरोप फेटाळले. त्याच सुमारास त्यांनी दुष्काळानं होरपळलेल्या मध्य प्रांतातून, म्हणजे आपल्या या भागातून, निराधार मुली-बायकांना नेऊन आसरा दिला होता. पुढे १९१९मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. ज्या सरकारला खडे बोल सुनावले, त्याच सरकारला त्यांचं काम मानावं लागलं. रमाबाई बंडखोर होत्या की राजनिष्ठ, हा वाद विद्वानांनी घालावा. मला त्या चांगल्या नागरिक वाटतात, कारण ज्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, त्यांच्यासाठी त्या बोलल्या.

आपल्या काळातलं उदाहरण वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते सगळ्यांना ठाऊक झाले. पण त्याआधी कितीतरी वर्षं हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत ते वसईची हिरवाई आणि पाणी वाचवायला लढत होते. प्रार्थना एकीकडे आणि गावची विहीर दुसरीकडे, असं त्यांनी मानलं नाही.

आता आपल्या ओट्याकडे येऊ. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. चोरीला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम डावलून व्यवहार करणं, खोटी मापं वापरणं आणि भेसळ करणं. पाहा, कर चुकवणं आपल्याकडेही चोरीच्याच घरात बसवलंय! स्थानांगसूत्रात दहा धर्म सांगितलेत, त्यांत ग्रामधर्म, नगरधर्म, राष्ट्रधर्म यांची नावं आहेत. म्हणजे ख्रिस्ती लोक जिथं शेजाऱ्याकडे पाहून पोचतात, तिथं आपण आत्म्याला डाग लागू नये म्हणून पोचतो. वाटा दोन, मुक्काम एकच.

तरीही दुकानात "कच्चं बिल घ्या, बहेनजी, टॅक्स वाचेल," असं म्हटलं की त्याला हुशारी म्हणतात. घराची रजिस्ट्री कमी किमतीची दाखवली की तो व्यवहार. कुणी हटकलं, तर उत्तर तयार असतं, "सरकार तरी कुठं धड वागतं?" या उत्तरात रमाबाईही नाहीत आणि उमास्वामीही नाहीत. सरकार चुकत असेल तर पत्र लिहावं, तक्रार करावी, नाव घालून बोलावं. कच्च्या बिलानं सरकार सुधारत नाही, नुसतं आपलं पाकीट जड होतं.

चातुर्मासात भाजी निवडताना आपण पानामागची अळीसुद्धा पाहतो. सूर्यास्ताचं घड्याळ चुकू देत नाही. पोटात काय जातं याची इतकी खबरदारी घेणाऱ्या बाईला घरात येणारा पैसा कुठल्या वाटेनं आला, हे विचारायला कितीसा वेळ लागणार? विचारलं तर घरातले चार दिवस कुरकुर करतील. करू देत. उपवासाची सवय आहे आपल्याला, एवढी कुरकुरही पचेल.