सोडायचं म्हणजे नेमकं काय?

आजचं वाचन : गीता, अध्याय १८, श्लोक ७ ते ९.

या तीन श्लोकांत भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. वाट्याला आलेलं कर्म मोहापायी टाकलं तर तो तामस त्याग. शरीराला कष्ट होतील या भीतीने टाकलं तर राजस. आणि कर्म करत राहून आसक्ती व फळ सोडलं तर सात्त्विक. आपण बहुतेक जण नोकरीत नवे, त्यामुळे 'सोडणं' म्हटलं की राजीनामाच आठवतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आज वयस्कर प्राध्यापक आले.

आपल्याकडे हा प्रश्न सरकारच सोडवून टाकतं. महाराष्ट्रातल्या कॉलेजात साठाव्या वर्षी, केंद्रीय विद्यापीठात पासष्टाव्या वर्षी शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो. त्याग करावा लागत नाही, तो होऊन जातो! अमेरिकेत उलट आहे. टेन्युअर मिळालेल्या, म्हणजे कायम झालेल्या प्राध्यापकाला तिथे पूर्वी सत्तरीत सक्तीने निवृत्त करता यायचं. १ जानेवारी १९९४ पासून तेही बंद झालं. आता कधी थांबायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

म्हणून तिथली विद्यापीठं पर्याय पुढे ठेवतात. कुठे एकरकमी पैसे घेऊन लवकर बाहेर पडा, तर कुठे टप्प्याटप्प्याने निवृत्ती : काही वर्षं कमी काम, त्या प्रमाणात कमी पगार, आणि जायची तारीख आधीच लिहून दिलेली. पुढे 'एमेरिटस' झालात की पद जातं, पण नाव आणि लायब्ररी राहते.

मला हा टप्प्याटप्प्याचा रस्ता आजच्या श्लोकांच्या जास्त जवळचा वाटतो. कारण त्यात माणसाला रोज निवडावं लागतं. शिकवणं हे कर्म. कमिटीतली खुर्ची, दारावरची पाटी, 'माझ्याशिवाय डिपार्टमेंट चालणार नाही' ही आसक्ती. दोन्ही इतकी वर्षं एकाच पगारात आल्यामुळे वेगळी करणं सोपं नसतं.

पण 'मी गेलो तर माझा विषयच बंद पडेल' असं एखादे सर म्हणतात, तेव्हा तो दर वेळी मोहच असतो का? नाही. रिकामी झालेली जागा पक्की भरली जाईलच असं नसतं. कित्येकदा ती तात्पुरत्या शिक्षकांवर ढकलली जाते. आपल्याकडचे तासिका तत्त्वावर शिकवणारे मित्र आठवा, नेट झालेले, पीएचडी झालेले. सुट्ट्या लागल्या की मानधन बंद.

इथे कुणी म्हणेल, फळाची चिंता कशाला? मला नाही पटत. मी माझ्या फळावर पाणी सोडावं हे ठीक, पण दुसऱ्याच्या ताटाचं काय? बृहदारण्यक उपनिषदातला याज्ञवल्क्य बघा. घर सोडायला निघाला तेव्हा त्याने आधी मैत्रेयी आणि कात्यायनीची वाटणी लावायचं काढलं. मैत्रेयीने प्रश्न विचारला, तर निघता निघता तिला शिकवायलाही बसला.

ज्या सरांच्या, मॅडमच्या शब्दाला अजून वजन आहे, त्यांनी तारीख लिहून देण्याआधी एवढा हट्ट धरावाच : माझी जागा कायमस्वरूपी भरणार, हे मला लेखी द्या. सही झाल्यावर कोण ऐकतंय!

उद्या श्लोक १०.