कामाची प्रतिष्ठा की कामकऱ्याची?

'द वे वी वर्क्ड' हे अमेरिकेतील श्रमाच्या इतिहासावरचे फिरते प्रदर्शन. मूळ प्रदर्शन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे. सरकारी दफ्तरात साठलेल्या छायाचित्रांतून ते उभे राहिले. पुढे स्मिथसोनियन संस्थेने 'म्युझियम ऑन मेन स्ट्रीट' या उपक्रमात त्याला फिरते रूप दिले. मोठी संग्रहालये जिथवर पोहोचत नाहीत अशा लहान गावांसाठी हा उपक्रम १९९४ पासून चालतो. खोक्यांतून आलेले फलक गावकरीच उघडतात आणि वाचनालयात, जुन्या रेल्वे स्थानकात किंवा स्थानिक इतिहास मंडळाच्या खोलीत उभे करतात. शेजारी गावातल्या बंद पडलेल्या गिरणीची, खाणीची, शेताची अवजारे मांडली जातात. काही आठवड्यांनी सगळे पुन्हा खोक्यांत भरून पुढच्या गावी रवाना होते.

मूळ मांडणीचे पाच भाग होते: कामाच्या जागा, कामाच्या पद्धती, कामाचे कपडे, कामावरचे संघर्ष आणि धोक्याची कामे. माणसाने काम का करावे आणि कामाला मोल कशाने येते, हा प्रश्न या पाचांत बसत नाही. छायाचित्रांतल्या बहुतेकांनी त्याचे उत्तर चर्चमध्ये ऐकलेले होते, आणि ते उत्तर एकच नव्हते.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात दोन उत्तरे शेजारी शेजारी आहेत. 'उत्पत्ती'च्या दुसऱ्या अध्यायात देव आदामाला एदेन बागेची मशागत आणि राखण करायला ठेवतो. तेव्हा पाप घडलेले नाही, म्हणजे काम ही शिक्षा नव्हे. तिसऱ्या अध्यायात आज्ञाभंग होतो, जमीन शापित होते आणि घाम गाळून भाकरी मिळवणे माणसाच्या नशिबी येते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांच्या नियमावलीत प्रार्थनेबरोबर अंगमेहनतीचेही तास ठरवून दिले. तरी मध्ययुगात मठातले जीवन वरचे आणि संसारी माणसाचा धंदा खालचा, हा भेद कायम राहिला. तो मोडला सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने. चांभार, शेतकरी, बाळाला न्हाऊमाखू घालणारी दाई हे सगळे आपापल्या जागी देवाचेच काम करतात, पाद्रीच तेवढा देवाचा माणूस नव्हे, असे त्याचे प्रतिपादन. प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी हा विचार अटलांटिकपार नेला. आळस हे पाप आणि धंद्यातली बरकत ही ईश्वरी कृपेची खूण, असा त्याला पुढे आलेला पीळ समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४–०५ मध्ये उलगडून दाखवला. मूळची श्रद्धा ओसरली तरी कष्टाची सक्ती मात्र मागे उरली, हे त्याचे निदान आजही खोटे ठरलेले नाही.

ल्यूथरच्या विचाराची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. प्रत्येकाचे काम पवित्र असेल, तर प्रत्येकाने आपल्या जागीच राहावे, हेही ओघाने आले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मळेवाल्यांचे धर्मोपदेशक गुलामांना नेमके हेच ऐकवत. मालकाची आज्ञा पाळा, हे पौलाच्या नावावरचे वचन त्यांच्या प्रवचनांत पुन्हा पुन्हा येई. १८६५ पर्यंत त्या देशात लाखो माणसांनी जन्मभर काम केले आणि मजुरी म्हणून छदामही पाहिला नाही. श्रमाच्या पावित्र्याचा सिद्धांत इथे अडतो. गुलामाने वेचलेला कापूस उत्तम होता म्हणून त्याचे श्रम धन्य झाले, असे म्हणण्याची हिंमत कोणी करू नये.

मुलांच्या श्रमालाही नैतिकतेचा मुलामा होता. कारखान्यांमुळे स्त्रिया आणि मुले अधिक उपयोगी ठरतात, हा मुद्दा अमेरिकेचा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने १७९१ च्या आपल्या अहवालात लाभ म्हणून नोंदवला होता. १९०८ पासून लुईस हाइन हा छायाचित्रकार राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या आणि खाणी फिरू लागला. आत शिरण्यासाठी तो कधी आगीची तपासणी करणारा, तर कधी बायबल विकणारा बने. मुलांची उंची तो स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजी आणि टिपणे गुपचूप लिहून घेई. जानेवारी १९०९ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावी, बिब मिलमध्ये त्याने घेतलेले छायाचित्र अभिलेखागारात आहे. सूतकताईच्या यंत्राच्या चौकटीवर दोन पोरे चढलेली आहेत. हात पोहोचत नाही म्हणून ती चढली आहेत. तुटलेला धागा जोडायचा आणि रिकाम्या बॉबिन जागेवर बसवायच्या. एकाच्या पायात काहीही नाही. यंत्र मोठ्या माणसाच्या मापाने बांधलेले, पगार मात्र पोराच्या मापाने. बालश्रमाविरुद्धचा १९१६ चा केंद्रीय कायदा सर्वोच्च न्यायालयाने दोनच वर्षांत रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडले.

श्रमाच्या थोरवीला लगाम घालणारा विचारही त्याच धर्मग्रंथात आहे, तो म्हणजे शब्बाथ, आठवड्यातला विश्रांतीचा दिवस. दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात आणि विश्रांतीच्या आज्ञेचे कारण दोन्हीकडे वेगळे आहे. 'निर्गम' या पुस्तकात कारण असे, की देवाने सहा दिवसांत सृष्टी रचून सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद' या पुस्तकात मात्र इस्राएलांना आठवण दिली आहे, की तुम्हीही मिसरात गुलाम होता. म्हणून सुट्टी मालकापुरती नाही. दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका या सगळ्यांना ती आहे. त्या दिवशी कोणी काही कमवत नाही, तरी कोणाची किंमत घटत नाही. माणूस कामापेक्षा मोठा आहे, हे याहून नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल.

हाच धागा १९६८ मध्ये टेनेसीतल्या मेम्फिस शहरी दिसतो. १ फेब्रुवारीला कचरागाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार चिरडले गेले आणि काही दिवसांतच सुमारे तेराशे कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या हातांतल्या फलकांवर मजुरीचा आकडा नव्हता आणि सफाईच्या थोरवीचे वाक्यही नव्हते. 'मी माणूस आहे' एवढेच लिहिलेले होते. त्यांना पाठिंबा द्यायला आलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला तिथेच मारले गेले. किंग बाप्टिस्ट पाद्री होते आणि प्रत्येक श्रमाला प्रतिष्ठा आहे असे त्यांनी त्या शहरात सांगितले होते. पण भर होता तो काम करणाऱ्याला जगता येईल इतकी मजुरी मिळण्यावर. ती नसेल तर प्रतिष्ठेची भाषा मालकाच्या सोयीची होते.

या वादाशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही त्यांनी मांडला होता. शब्बाथचे तत्त्व जेजुरीच्या वाटेने गिरणगावात आले, असे म्हणायला हरकत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. ज्याने त्याने आपल्या जागी राहून केलेले काम पवित्र, या शिकवणुकीला यापेक्षा धारदार उत्तर ल्यूथरच्या मुलखातही शोधावे लागेल.

मजुरी नसलेल्या कामाचा प्रश्न या सगळ्यानंतरही शिल्लक राहतो. स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, मुलांचे संगोपन यांना हजेरीपट नाही, त्यामुळे सरकारी दफ्तरात त्यांची छायाचित्रेही कमी. राजकीय विचारवंत हॅना आरेंटने १९५८ च्या 'द ह्यूमन कंडिशन'मध्ये असे रोज करून रोज संपणारे श्रम आणि टिकाऊ वस्तू घडवणारे काम यांत फरक केला. पहिल्या प्रकाराला प्राचीन तत्त्वज्ञांनी खालचे स्थान दिले, हे तिचे निरीक्षण बरोबर आहे. मात्र तिने स्वतःही त्याला फारसे वर आणले नाही. गावोगावी अशी फिरती प्रदर्शने चालतात तीही बऱ्याच अंशी बिनपगारी कामावर. फलक उभे करणारे, दाराशी बसणारे, म्हाताऱ्या गिरणी कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणारे अनेकजण स्वयंसेवक असतात, आणि त्यांतले कित्येक कामावरून निवृत्त झालेले.