तळाशी साचलेले पाणी

(मननासाठी शास्त्रपाठ : यहोशवा ७:१०-२१, होशेय २:१५)



मेळघाटाच्या वाटा ज्यांनी तुडविल्या आहेत त्यांस हे सांगावयास नको की, तेथे उपदेशकाची निम्मी सेवा वाटेवरच होते. सिपना नदीच्या काठच्या सेमाडोहापासून परतवाड्याची बाजारपेठ घाटरस्त्याने सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. म्हणून आमच्यापैकी पुष्कळ जण कोणाची तरी वापरलेली मोटारसायकल अल्प किमतीस घेतात, व पवित्र शास्त्राची पिशवी तिला बांधून गावोगाव जातात. अशीच एक जुनी गाडी आम्हीही घेतली होती. तिने एका रविवारी आम्हांस जो धडा शिकविला तो आज आपणांपुढे ठेवितो.

पावसाळा नुकताच सरला होता. त्या दिवशी पुढल्या गावी प्रभुभोजनाचा विधी असून मंडळी वाट पाहत होती. आम्ही सेमाडोहास मुक्कामास होतो. सकाळी किक मारली. गाडी सुरू होईना. पुन्हा मारली. आमच्याबरोबरच्या तरुण उपदेशकाने मारली. उतारावर ढकलून पाहिली. घामाने आम्ही न्हालो, आणि घामाबरोबर रागही आला. चहाच्या टपरीपुढे चारचौघांदेखत आम्ही बोलून गेलो की, गाडी विकणाऱ्याने आम्हांस फसविले. तो गृहस्थ ख्रिस्ती नव्हता, आणि ऐकणाऱ्यांपैकी कित्येक त्यास ओळखत होते.

तेव्हा बाजूस बसलेले एक वृद्ध म्हणाले, "बाबाजी, गाडीले लाता मारून काय होते जी? पह्यले तिले पुसा त खरं, कुठं दुखून राह्यलं."

बंधूंनो, आम्ही लज्जित झालो व खाली बसलो. मग एकेक प्रश्न क्रमाने विचारू लागलो. इंजिनास तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, ठिणगी, आणि हवा दाबून धरण्याची शक्ती. किक हाताने हळू दाबली; ती अडली व जोर लागला. म्हणजे दाब होता. एअर फिल्टर उघडला. तो कोरडा व साफ होता. हँडलावरील इंजिन बंद करण्याचे बटण पाहिले. ते बरोबर होते. पुष्कळदा सारा दोष ह्या एका बटणाचाच असतो. मग प्लग काढला. प्लग हा इंजिनाचा साक्षीदार होय. तो कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचत नाही असे समजावे. काळ्या काजळीने भरला असेल तर घासून पुसावा. तो टोपीत बसवून, पेट्रोलापासून दूर, इंजिनाच्या धातूस टेकवून किक मारली. ठिणगी निळी व ठसठशीत पडली. तेव्हा ठिणगीही निर्दोष ठरली.

पण प्लग ओला असूनही त्यास पेट्रोलाचा वास जेमतेमच येत होता. आम्ही कार्बोरेटरच्या तळचा स्क्रू सैल करून आतले द्रव्य काचेच्या बाटलीत घेतले. क्षणभरात ते निवळले. वर पेट्रोलाचा पातळ थर, आणि खाली पाणी!

हे कसे झाले? टाकीच्या झाकणाचे रबर चिरले होते, आणि गाडी सारा पावसाळा वळचणीस उभी होती. आजच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते. ते थोडे पाणी स्वतःत सामावून घेते. परंतु पाणी अधिक झाले म्हणजे दोन्ही मिळून पेट्रोलापासून वेगळी होतात व तळाशी बसतात. टाकी भरलेली असते तोवर कॉकची उंच नळी वरचे चांगले पेट्रोल घेते आणि गाडी चालते. पेट्रोल संपत आले व कॉक रिझर्व्हवर लावला, की अगदी तळचे खाली उतरते. आदल्या संध्याकाळी आम्ही तेच केले होते.

आता शास्त्रपाठाकडे वळू या. यरीहो पडल्यावर इस्राएलाने सुमारे ३००० पुरुष आय नगरावर पाठविले. ते पळत सुटले, व त्यांतले ३६ मारले गेले. यहोशवा भूमीवर पालथा पडून विलाप करू लागला. परंतु परमेश्वराने त्यास उठावयास सांगितले. दोष आयच्या तटबंदीत नव्हता, छावणीत होता. मग शोध कसा झाला? आधी वंश, वंशातून कुळ, कुळातून घराणे, आणि घराण्यातून एक माणूस. शेवटी आखानाच्या तंबूत जमिनीखाली पुरलेला झगा, रुपे व सोने हाती आले. देवाचा शोध अंदाजाने चालत नाही व कोणा शेजाऱ्यावर आळ घेत नाही. तो पायरीपायरीने खाली उतरतो, आणि जेथे माती नुकतीच उकरली आहे तेथे येऊन थांबतो.

आपण काय करितो? प्रार्थना निर्जीव झाली म्हणजे पाळकास दोष देतो. मंडळीत शांती नाही म्हणजे गावास दोष देतो. आणि जोराने किक मारीत राहतो. गीते मोठ्याने म्हणतो, सभा वाढवितो; पण तळचा स्क्रू कोणी उघडीत नाही. भरल्या दिवसांत पीक बरे, घरात आरोग्य, तेव्हा वरवरच्या पेट्रोलावर आपला ख्रिस्तीपणा चालतो. मग दुष्काळ येतो, आजार येतो, आणि आपण तळच्यावर येतो. जुना द्वेष, न फेडलेले ऋण, भावाशी धरलेला अबोला, हे त्या दिवशी वर येते. संकट ते पाणी घालीत नाही. ते आधीच साचलेले असते.

तथापि भिऊ नका. आम्ही गाडी मोडीत काढली नाही. टाकी रिकामी केली, कार्बोरेटर पुसला, एका भावाने आपल्या गाडीतले अर्धा लिटर स्वच्छ पेट्रोल दिले, आणि तिसऱ्या किकेस इंजिन बोलले. आखान जेथे मरण पावला ते अखोराचे खोरे. परंतु होशेयाच्या मुखाने परमेश्वराने त्याच खोऱ्यास आशेचे द्वार करण्याचे वचन दिले. ज्याच्या ठायी दोष नव्हता त्या ख्रिस्ताने आमचा दोष वाहिला, म्हणून आता आमचा तंबू उकरला जातो तो आम्हांस ठार करण्यासाठी नव्हे, शुद्ध करण्यासाठी.

मंडळीत आम्ही उशिरा पोहोचलो. भाकर मोडण्यापूर्वी टपरीपुढचे आपले बोलणे सर्वांसमोर कबूल केले. सोमवारी त्या विकणाऱ्या गृहस्थाकडे गेलो व क्षमा मागितली. त्यांनी बसावयास दिले, पाणी दिले, आणि सौम्यपणे म्हणाले, "झाकणाचे रबर बदला, असे मी गाडी देतानाच सांगितले होते ना जी?"

त्यांनी खरेच सांगितले होते. आम्हीच ते उद्यावर टाकीत आलो होतो. त्या दिवशी टपरीवर जे कोणी ऐकत बसले होते त्यांच्याकडेही आम्ही गेलो, आणि तो मनुष्य खरा आहे असे त्यांस सांगितले.

वाचकहो, येत्या प्रभुभोजनापूर्वी आपणही खाली बसा. कोणास दोष देण्याआधी देवास आपली झडती घेऊ द्या, वरपासून तळापर्यंत. जे सापडेल ते लपवू नका, आणि ज्याचा अपराध केला असेल त्याच्या दारी जाण्यास उशीर करू नका. आमचा दयाळू पिता आपणां सर्वांचे तळ स्वच्छ करो, व आपल्या आत्म्याचा अग्नी आपल्या ठायी पुन्हा प्रज्वलित करो. आमेन.