पाण्याला न लागलेला प्रत्यय

येलदरी धरणाखालच्या, पूर्णा नदीच्या काठच्या गावांत 'येलदरीचं पाणी सुटलं' म्हटलं की सगळ्यांना सगळं कळतं. या वाक्यातला 'चं' मला अनेक वर्षं खुणावतो आहे. तो लागतो येलदरीला, पण ऐकतो पाण्याचं. पाण्याऐवजी वीज म्हणा, 'येलदरीची' होते. जलाशय म्हणा, 'येलदरीचा'. ज्याची वस्तू त्याच्या लिंगवचनाशी त्याला देणंघेणं नाही, वस्तूच्या मागे तो विशेषणासारखा फिरतो. असा संबंध दाखवणाऱ्या षष्ठी विभक्तीला संस्कृत वैयाकरणांनी कारकांत बसवलं नाही, कारण ती नामाचं नातं क्रियेशी नव्हे तर दुसऱ्या नामाशी जोडते.

तुर्की भाषा हे नातं दोन्ही टोकांना बांधते. 'क्योय' म्हणजे गाव, 'सु' म्हणजे पाणी आणि गावाचं पाणी म्हणजे 'क्योयुन सुयू'. गावाला 'उन' लागला, तो आपल्या 'चं'सारखाच. पण पाण्यालाही 'यू' लागला, म्हणजे 'त्याचं'. माझं पाणी म्हणायचं तर नुसतं 'सुयुम' पुरे. माझ्या पाण्यात? 'सुयुमदा'. आधी पाणी, मग माझेपण, मग आतपण, सारं एका शब्दात. मराठीत दोन शब्द लागतात आणि दोघांनाही सामान्यरूप घ्यावं लागतं.

हा तुर्की 'माझा' आपल्याकडे कधीच येऊन राहिला आहे. 'बेगम' या शब्दात 'बेग' म्हणजे सरदार आणि शेवटचा 'म' म्हणजे माझा. तेव्हा 'माझी बेगम' म्हणणारा 'माझी' दोनदा म्हणतो. सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याला हा शब्द परका नाही, त्यातला प्रत्यय मात्र कुणाला दिसत नाही.

येलदरीचं धरण 1968 साली पूर्ण झालं. पायथ्याशी वीज करून पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी वसमतकडे. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि कालपर्यंत 'परभणीचं' असलेलं सिद्धेश्वर 'हिंगोलीचं' झालं. मराठीत हे किती सहज होतं! मागचा शब्द बदलला की झालं. 'पाणी' जसंच्या तसं कोरं राहतं, त्याच्या अंगावर कुणाची खूण नसते. तुर्कीत निदान 'त्याचं' एवढं तरी पाण्याला चिकटून राहिलं असतं आणि ऐकणाऱ्याला विचारावं लागलं असतं, म्हणजे कुणाचं?

धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की समोर ते पाणी पसरलेलं असतं. त्याच्या तळाशी शिवारं आहेत. त्या शिवारांचं पाणी असं कुणी म्हणत नाही. येलदरीचं, एवढंच म्हणतात.