पाटी की पेटी?

टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेऊ शकेल काय, असे माझ्या एका मित्राने गेल्या उन्हाळ्यात चहा पिता पिता विचारले. त्याला नवे यंत्र घ्यावयाचे होते आणि पैसे एकाचेच होते. एरवी अशा प्रश्नांना मी चटकन उत्तर देतो. माहितगार म्हणून मिरवण्याची हौस कोणाला नसते? पण त्या दिवशी मला बोलवेना. हा प्रश्न मी पूर्वी एकदा सोडवून बसलो होतो, आणि तोही दुसऱ्यासाठी, तिला न विचारता.

२०२० च्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळा बंद होत्या आणि वर्ग पडद्यावर भरत होते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची मुलगी त्या वर्षी दहावीत होती. घरात फोन एकच, आणि बाई कामाला निघाल्या की तोही त्यांच्याबरोबर निघे. माझ्यापाशी दोन यंत्रे होती. भाषांतराची कामे ज्यावर होत तो लॅपटॉप, म्हणजे उघडमिटीची पेटी. आणि हौसेने घेतलेला टॅब्लेट, म्हणजे पाटी. मी पाटी दिली. बाईंनी ती पदराने पुसून पिशवीत ठेवली. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

दोन वर्षांनी ती मुलगी तंत्रनिकेतनात संगणकाच्या पदविकेला होती. एका संध्याकाळी आईची वाट पाहत ती आमच्या बाहेरच्या खोलीत वही उघडून बसली होती. मी सहज डोकावलो. वहीत सी भाषेतला प्रोग्राम होता; निळ्या शाईने, महिरपी कंस एकाखाली एक नीट जुळवून लिहिलेला. हे हाताने का लिहितेस, असे मी विचारले.

“टॅबवर होतं काका, पण कीबोर्ड वर आला की निम्मा प्रोग्राम झाकला जातो. चूक कुठे आहे ते दिसत नाही. म्हणून वहीत लिहिते आणि उद्या लॅबमध्ये टाइप करते.”

तिच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेशही नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

दोन्ही यंत्रे घरात असताना मी नेमकी पाटीच का दिली? लॅपटॉपवाचून माझे काम अडले असते, हे खरे. टॅब्लेट कपाटात पडून होता, हेही खरे. परंतु मनाच्या आणखी खालच्या पायरीवर उतरून पाहिले, तेव्हा तेथे एक गृहीत बसलेले दिसले. तिला पाहावयाचे आहे, ऐकावयाचे आहे, उतरवून घ्यावयाचे आहे. मला काही करावयाचे आहे. तिला घेणारी ठरवून मी तिच्या हाती घेण्याचे साधन ठेवले होते, आणि या वाटणीला मी औदार्य समजत होतो.

गंमत अशी की, या पाटीची मूळ कल्पना नेमकी उलट होती. कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील अ‍ॅलन के या शास्त्रज्ञाने १९७२ साली एक निबंध लिहिला. वहीएवढा, चार पौंडांहून हलका असा मुलांचा संगणक त्याने त्यात कल्पिला आणि त्याचे नाव ‘डायनाबुक’ ठेवले. तो बनवणे त्या काळी शक्य नव्हते. त्याने पुठ्ठ्याचा नमुना करून पाहिला, इतकेच. पण निबंधात नऊ वर्षांची दोन मुले गवतात लोळत अंतराळयानांचा खेळ खेळत आहेत. खेळता खेळता त्यांना तो खेळच बदलावासा वाटतो. त्यात सूर्याचे आकर्षण आणावेसे वाटते, आणि ते कसे आणावे याच्या शोधात ती मुले पदार्थविज्ञानापर्यंत पोहोचतात. खेळणे आणि खेळ घडवणे यांत के यांनी भिंत घातलेली नव्हती.

ती भिंत पुढे आली. जानेवारी २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड जगाला दाखवला, तो व्यासपीठावर मांडलेल्या आरामशीर खुर्चीत बसून. त्याच वर्षी मुलांसाठी केलेल्या ‘स्क्रॅच’ या भाषेतील प्रकल्प चालवणारे एक अ‍ॅप त्यांच्या दुकानातून काढून टाकण्यात आले; बाहेरून आणलेली आज्ञावली यंत्रात चालवू द्यावयाची नाही, असा त्या दुकानाचा नियम होता. पुढे नियम सैल झाले. २०२१ पासून तर खुद्द त्या पाटीवरच अ‍ॅप तयार करून दुकानात पाठवता येते. तेव्हा दोष काचेचा नव्हता. दाराला कुलूप होते आणि किल्ली कोणाच्या तरी खिशात होती. माझ्या घरात ती माझ्या खिशात होती.

येथे कोणी म्हणेल, मग पाटी निरुपयोगी असे सरळ म्हणा की! ते मला म्हणता येत नाही. डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने सत्तरी ओलांडल्यावर आयपॅड हाती घेतला. यॉर्कशायरमधील वोल्डगेटच्या रस्त्यावर २०११ चा वसंत येताना त्याने तो त्यावर चितारला, आणि ती चित्रे २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मोठाल्या आकारात छापून लागली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये २०१८ साली बसवलेल्या रंगीत काचेच्या खिडकीचे चित्रही त्याने याच पाटीवर काढले. रंग वाळण्याची वाट नको, पाणी नको, झाडावरचे ऊन हलण्यापूर्वी हात हलला पाहिजे. अशा कामाला पेटी काय उपयोगाची? फार कशाला, मुद्रिते तपासण्याचे माझे काम टॅब्लेटवर लेखणीने जितके मनाजोगे होते, तितके लॅपटॉपवर होत नाही. समासात काना काढून टाकण्याची खूण करताना हाताला छापखान्यातले जुने दिवस आठवतात.

पण मित्राचा प्रश्न ‘जागा घेण्याचा’ होता, आणि या शब्दाशी मी अडतो. आपल्याकडे एका पेटीने अशीच एक जागा घेतली आहे. गवयाच्या साथीला पूर्वी सारंगी असे; हळूहळू तेथे हार्मोनियम आली. तिचे स्वर पक्के बांधलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हावयास १९७१ उजाडले. तरी पेटी हटली नाही. ती सोयीची होती, आणि चांगल्या वादकाच्या हाती गोडही होती. मात्र साथीने मींडही द्यावी, ही अपेक्षा आपण केव्हा सोडली, हे श्रोत्यांपैकी कोणालाच सांगता येणार नाही. एक साधन दुसऱ्याची जागा बहुधा असेच घेते. नव्याला जे येत नाही ते आपण मागेनासे होतो, आणि मग जागा पूर्ण भरल्यासारखी दिसते.

मे २०२४ मध्ये याच आयपॅडची एक जाहिरात आली होती. एक अवजड दाबयंत्र पियानो, तुतारी, रंगांचे डबे असे सारे चिरडत खाली येते, आणि ते वर उचलले जाते तेव्हा खाली एक पातळ पाटी उरते. जगभरच्या कलावंतांनी संताप केला आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. वाद्ये मोडली याचे दुःख खरेच. पण मला बोचला तो तिच्यातला हिशेब. इतके सारे आत गेले आणि बाहेर काहीच सांडले नाही! पडद्यावर तर रंगांचे ओघळ स्पष्ट दिसत होते.

म्हणून मी मित्राला एवढेच म्हणालो की, कोणाची तरी पाटी महिनाभर मागून घे आणि तिच्यावर काम कर. काय जमले नाही, याची यादी करू नकोस. ती दुकानदारही देईल. काय करावेसे वाटेनासे झाले, ते लिहून ठेव. त्याला हे उत्तर आवडले नाही. त्याने लॅपटॉप घेतला, आणि आता तो फार जड आहे म्हणून कुरकुरत असतो. असो.

त्या मुलीला मी लॅपटॉप लगेच दिला, असे येथे लिहिता आले असते तर बरे झाले असते. वही पाहिल्यावर मला तो द्यावयास आठ महिने लागले. मी नवा घेतला तेव्हा जुना दिला. तोवर तिच्या दोन वह्या भरल्या होत्या. म्हणजे याही वेळी माझ्या पदरचे काही गेले नाही.

लॅपटॉप देताना मी म्हटले, “आता टॅबचं तुला काम नसेल. तो परत आणलास तरी चालेल. मला मुद्रितं तपासायला होईल.”

ती थोडी घुटमळली. “आई देत नाही,” ती म्हणाली. “रात्री ती त्यावर बोटानं लिहीत बसते.”

“काय लिहितात?” मी विचारले. बाईंना सहीपलीकडे लिहिता येते, हे मला ठाऊक नव्हते.

“हिशेब. कुठल्या घरी किती खाडे झाले, कुणी किती कापले, कुणाकडून किती उचल घेतली. प्रत्येक घराचं वेगळं पान केलंय तिनं. तुमचंही आहे.”

ते पान मी अद्याप पाहावयास मागितलेले नाही.