तुटीच्या वर्षी कोणी थांबावे?

आमच्या खानदेशात मत मागावयास येणारा मनुष्य कोणत्याही पक्षाचा असो, तो पाण्याचे वचन दिल्यावाचून परत जात नाही. सन २०२४ च्या मे महिन्यात लोकसभेची व त्याच वर्षी २० नोव्हेंबर रोजी विधानसभेची निवडणूक झाली. पाडळसे, नार-पार, सुलवाडे-जामफळ, गिरणेवरील बलून बंधारे ही नावे जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील मतदारांस आता तोंडपाठ झाली आहेत. सत्तेवर असलेला म्हणतो, आम्ही मंजुरी आणली. सत्तेबाहेरचा म्हणतो, तुम्ही उशीर केला, आम्ही लवकर आणू. परंतु नदीचे पाणी अडवावे, उचलावे आणि शेतास पोचवावे, याविषयी दोघांत काडीइतकाही मतभेद नाही. तेव्हा विचारी मतदारास असा प्रश्न पडणे साहजिक आहे की, जेथे सर्वांचे मत एकच, तेथे आपण निवड करावयाची ती कशाची?

कित्येक वाचक म्हणतील, हा इंजिनिअरांचा व सरकारचा विषय आहे, खेड्यातील मंडळीने व तिच्या उपदेशकाने त्यात कशास पडावे? आम्हांस हे म्हणणे मान्य नाही. धरण किती उंच असावे हे इंजिनिअर सांगेल. परंतु पाणी थोडे असता ते प्रथम कोणास द्यावे आणि कोणी थांबावे, हे कोणत्याही यंत्राने मोजून सांगता येत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे. निरक्षर मजुरासही तो कळतो, किंबहुना इतरांहून थोडा अधिक कळतो, कारण थांबावयाची पाळी बहुधा त्याचीच असते.

वचने लांबणीवर पडतात, हे गाऱ्हाणे तर जुनेच आहे. अमळनेर तालुक्यात तापीवर पाडळसे येथे जे निम्न तापी धरण व्हावयाचे, त्याचे काम गेल्या शतकाच्या अखेरीस हाती घेतले, तेव्हा खर्चाचा अंदाज दीडशे कोटी रुपयांच्या आत होता. सन २०२३ च्या डिसेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने मान्य केलेला सुधारित अंदाज सुमारे ४,८९० कोटींचा आहे. पहिल्या वचनावर ज्याने मत दिले, त्याचा नातू आता स्वतः मतदार झाला. सुलवाडे-जामफळ-कानोली उपसा योजनेचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यास १६ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले आणि लोकसभेची निवडणूक १० मार्चला जाहीर झाली. या योगायोगाविषयी आम्ही अधिक बोलत नाही. इतक्या वर्षांत सर्वच पक्षांची सरकारे येऊन गेली, म्हणून एकट्या कोणाच्या माथी दोष मारणे सत्यास धरून होणार नाही. शिवाय, उशीर हा दोष खरा, परंतु तो लहान दोष आहे. उशिरा का होईना, धरण पुरे होऊ शकते. मोठा दोष निराळाच आहे, आणि त्याविषयी कोणत्याही सभेत चकार शब्द निघत नाही.

तो असा की, पाणी कोठून तरी येते. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने नार-पार-गिरणा नदीजोड योजनेस ७,०१५ कोटी रुपयांची मान्यता दिली. सह्याद्रीच्या पश्चिमेस वाहून जाणारे सुमारे साडेदहा अब्ज घनफूट पाणी पंपांनी उचलावयाचे, बोगद्यातून गिरणेच्या खोऱ्यात सोडावयाचे, आणि नाशिक व जळगाव जिल्ह्यांतील सुमारे ४९,५०० हेक्टर जमीन भिजवावयाची, अशी ती योजना. चाळीसगाव-भडगावच्या शेतकऱ्यास तिचा आनंद व्हावा यात नवल नाही. व्यासपीठावरून सांगतात की, हे पाणी समुद्रात वाया जाते. पण समुद्रास मिळण्यापूर्वी ते सुरगाण्याच्या डोंगरांतून जाते, तेथे आदिवासींची भातखाचरे आहेत, आणि धरणांखाली जमीन जाईल या भयाने तेथील पुष्कळ लोकांनी अशा योजनांस विरोध केला आहे. योजना वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जो उमेदवार भडगावात या पाण्याचे वचन देतो, त्याने सुरगाण्याच्या माणसास काय मिळणार हेही त्याच भाषणात सांगितले पाहिजे. तेवढे धैर्य दाखविणारा आढळणे कठीण.

स्वतः गिरणेचेच पाहा. नांदगाव तालुक्यातील गिरणा धरण १९६९ साली पुरे झाले. त्याच्या वरच्या अंगास चणकापूर, हरणबारी अशी दुसरी धरणे आहेत. त्यांच्यात अडून उरेल ते गिरणा धरणात यावयाचे, म्हणून ते दरसाल भरत नाही. त्याच साठ्यातून मालेगाव पिते, चाळीसगाव पिते, पाचोरे पिते, आणि मग उरले तर रब्बीस आवर्तन. वरच्या गावी उभा असलेला उमेदवार म्हणणार, आमचे पाणी खाली सोडू देणार नाही. खालच्या गावी उभा असलेला म्हणणार, आमच्या हक्काचे पाणी आणल्यावाचून राहणार नाही. गोदावरीच्या खोऱ्यात तर हे सर्वांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडावे, असा निर्णय जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली दिला व २०१६ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्या वादात एकाच पक्षाचे पुढारी नाशिकास एक बोलत व पैठणच्या बाजूस दुसरे बोलत. सभेचे गाव बदलले की ज्याचे मत बदलते, त्यास मत म्हणावे काय?

राज्यास लेखी धोरण नाही असे नव्हे. सन २००३ च्या जलनीतीत पिण्याचे पाणी पहिले, कारखाने दुसरे आणि शेती तिसरी, असा क्रम होता. पुष्कळ गवगवा झाल्यावर २०११ साली शेतीस दुसरे व कारखान्यांस तिसरे स्थान दिले. तुटीच्या वर्षी खोऱ्यातील वरच्यांनी व खालच्यांनी तूट सारखी वाटून घ्यावी, असे तत्त्व २००५ च्या प्राधिकरणाच्या कायद्यात आहे. सन २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रांत साठ मीटरांहून खोल विहिरींस बंदी सांगितली. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात भूगर्भातील पाणी वर्षानुवर्षे खाली जात आहे, हे तेथील प्रत्येक बागाइतदारास ठाऊक आहे. तापीच्या पुराचे पाणी त्या पट्ट्यात जिरविण्याच्या योजनेसाठी १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात करार झाला, त्याचे सर्वांनी स्वागत केले. उत्तम. परंतु जिरविलेले पाणी ज्याचा बोअर सर्वांत खोल त्यानेच ओढावे की काय, हे विचारण्यास उमेदवारही धजत नाही व मतदारही धजत नाही.

नवल हे की, याच धुळे जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर एके काळी खेडुतांनीच देऊन ठेवले होते. पांझरेवर, तसेच शेजारच्या मोसम नदीवर, काही शतकांपूर्वी बांधलेले बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघे, आणि पाटाखालील जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले असत. एकेका तुकड्यास फड म्हणत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि ठरलेल्या क्रमाने फडाफडांत पिकांची फेरपालट करावयाची. पाटकरी पाट राखी, बारेकरी शेतोशेत पाणी देई, जागल्या पिकावर पहारा करी. शेताच्या मालकाने आपल्या हाताने पाणी वळवून घ्यावयाचे नाही, हा मोठा नियम होता. त्यामुळे रात्री कुदळ घेऊन पाट फोडण्याचे कारणच राहत नसे. पण यातील खरे मर्म निराळे आहे. बहुतेक खातेदारांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाऊस कमी झाला आणि सर्व फडांस पाणी पुरणार नाही असे दिसले, म्हणजे गाव बसून ठरवी की यंदा दोनच फड भिजवावयाचे, किंवा एकच. जो फड कोरडा राही, त्यात पाटलाचाही तुकडा असे आणि गरीब कुणब्याचाही असे. जो भिजे, त्यातही दोघांचे तुकडे असत. तुटीची वाटणी कोणाच्या दयेवर ठेवलेली नव्हती, ती जमिनीच्या मांडणीतच घातलेली होती.

या व्यवस्थेचे आम्ही अवास्तव गोडवे गात नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या पूर्वजांची त्या फडांत हातभरही जमीन नव्हती. त्यांनी पाटाचा गाळ काढला, ऊस तोडला, आणि पाण्याविषयी त्यांचे मत कोणी विचारले नाही. पुढे नदीच्या वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, आणि पुष्कळ फड मोडले. ते जसेच्या तसे परत आणता येतील असेही आम्हांस वाटत नाही. परंतु पाणी किती आणू, एवढेच बोलणाऱ्या आजच्या पुढाऱ्याहून तो निरक्षर गाव एका गोष्टीत शहाणा होता. पाणी कमी पडणारच, हे तो आधी धरून चाले, आणि त्या दिवसाचा नियम सुगीच्या दिवसांतच करून ठेवी.

आता उमेदवारास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे; पण तो बोलतो ते आपणांस आवडते म्हणून बोलतो. जो आमदार फोन करून आपल्या गावच्या चारीस दोन दिवस अधिक पाणी सोडवितो, त्यास आपण कामाचा माणूस म्हणतो. ते दोन दिवस चारीच्या शेवटच्या गावाच्या वाट्यातून गेले, हे आपणांस ठाऊक असते. तेथील गहू ओंबीवर असता वाळतो, आणि तेथील बाया हंडे घेऊन मैलभर जातात. अशा मनुष्यास मत देणे म्हणजे दुसऱ्याचे पाणी घेतल्याबद्दल त्यास बक्षीस देणे होय. मत देणाऱ्याच्या हातून कुदळ चालली नाही एवढ्याने तो निर्दोष ठरतो, असे आम्हांस म्हणवत नाही. उलट बाजूने कोणी म्हणेल की, आपल्या गावाचे हित पाहणे हेच प्रतिनिधीचे काम आहे. होय, आहे, परंतु आपल्या गावाचा वाटा मागणे आणि शेजारगावाचा वाटा उचलणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर वाटा किती हे आधी ठरल्यावाचून दिसतच नाही.

म्हणून पुढील निवडणुकीत सभा भरेल तेव्हा, पाणी केव्हा आणाल, एवढेच विचारून थांबू नये. धरण निम्मेच भरले तर कोणते आवर्तन रद्द कराल, वरच्या धरणातून खाली किती सोडवाल, आपल्याच पक्षाचा वरच्या तालुक्यातील उमेदवार यास कबूल आहे काय, खोल बोअर घेणाऱ्या बागाइतदारास तुम्ही थांबवाल काय, हे प्रश्न नावानिशी व शक्य तर लिहून विचारावे. बहुतेक ठिकाणी उत्तर टाळले जाईल. टाळणाराची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी असते.

आणखी एक निवडणूक आहे, तिची मिरवणूक निघत नाही म्हणून ती कोणाच्या ध्यानात राहत नाही. सन २००५ च्या कायद्याप्रमाणे कालव्याखालील शेतकऱ्यांच्या ज्या पाणी वापर संस्था होतात, त्यांच्या संचालक मंडळात चारीचा वरचा भाग, मधला भाग व शेवटचा भाग, तिघांचे प्रतिनिधी सारखे असावेत, आणि त्यांत स्त्रियाही असाव्यात, असा नियम आहे. शेवटच्या भागातील जागा पुष्कळदा वरच्यांच्या संमतीने बिनविरोध भरून जाते. आमच्या मंडळीतील ज्यांची नावे सात-बाऱ्यावर आहेत, त्यांनी आपल्या चारीची संस्था आहे की नाही याची चौकशी करावी, आणि असल्यास शेवटच्या भागाच्या जागेसाठी अर्ज कधी भरावयाचा ती तारीख विचारून घ्यावी.