‘नको’ म्हणण्याचे बटण

ज्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला बोलता येत नाही व ज्याचे हातही नीट चालत नाहीत, त्याला संगणक द्यावा काय? आपल्या घरांतून बहुधा उत्तर मिळते, “आईला सर्व कळते, यंत्र कशाला?” परिचारिकेचे काम करताना मीही पाहिले आहे की आईला पुष्कळ कळते. परंतु मुलाच्या मनात तेवढेच असते काय?

चार्ल्स ब्लिस हे १८९७ साली चेर्नोवित्झ येथे जन्मलेले यहुदी गृहस्थ. दाखाऊ व बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटल्यावर ते पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. भाषाभेदामुळे होणारे वैर मिटावे म्हणून त्यांनी १९४९ साली चित्रचिन्हांची लिपी प्रसिद्ध केली. राष्ट्रांनी ती स्वीकारली नाही. पण १९७१ साली टोरांटोच्या अपंग मुलांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन या शिक्षिकेने ती न बोलणाऱ्या मुलांपुढे ठेवली, आणि मुले चिन्हे दाखवून बोलू लागली. पुढे असे फलक संगणकावर आले. आज मूल पडद्यावरील चित्राकडे टक लावून पाहते व यंत्र तो शब्द उच्चारते. ज्याची केवळ मान हलते, त्याच्या डोक्याजवळ मोठे बटण बसवता येते.

यंत्रामुळे मूल बोलण्याचा आळस करील ही भीती अनेकांना वाटते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची नोंद काटेकोर होती अशा २७ जणांपैकी एकाचेही बोलणे कमी झालेले आढळले नाही.

माझ्या मते खरा प्रश्न निराळा आहे. यंत्रात शब्द कोण भरतो? आपण मोठी माणसे. पाणी, दूध, शू, आभार, हे शब्द आपल्या सोयीचे. ‘नको’, ‘थांब’, ‘दुखते’, ‘राग आला’ हे मात्र राहून जातात. धडधाकट मूल दिवसभर ‘नको, नको’ करते, तेव्हा आपण कौतुकाने हसतो. अपंग मूल मुकाट्याने सर्व सोसते, तेव्हा त्याला ‘शहाणे बाळ’ म्हणतो. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ काय? आणि कोणी त्याला दुखवले, तर ते सांगणार कसे?

म्हणून घरात असे नातवंड असेल, तर ‘नको’ हा शब्द पहिल्याच पडद्यावर ठेवा. ज्या यंत्रात आवाज भरता येतो, त्यात आजीने तो मराठीत भरावा. मूल शब्द शोधत असता घाई करू नका. खोडी केली म्हणून यंत्र काढून घेऊ नका, कारण ते त्याचे तोंड आहे. आणि त्याने ‘नको’ म्हटले की हातातला घास खाली ठेवा. औषधासारखी टाळता न येणारी गोष्ट असेल, तर आधी ‘ऐकले’ असे सांगा व मग कारण समजावून द्या.